डाव्या बाजूच्या दाढा

माझी दाढ तुम्ही काढलीत. चिमटा दंतवैद्याच्या हातात होता, खुर्ची त्याची होती, डोळ्यांवर मारलेला दिवाही त्याचाच होता, हे सगळं मला मान्य आहे. तरी दाढ तुम्ही काढलीत, आणि चांगली धडधाकट दाढ काढलीत, किडीचा ठिपका नसलेली. तुम्ही म्हणणार बाईचं डोकं फिरलंय, थिएटरच्या कपडेखात्याच्या प्रमुखाने कधी कुणाच्या तोंडात हात घातलाय का. हात नाही घातलात. टाचण्या घातल्यात. सोमवारपर्यंत मी ठरवायचं, असं तुम्ही मला सगळ्यांदेखत सुनावलंत: फिटिंग करताना बाकीच्या बायकांसारख्या टाचण्या तोंडात धरायच्या, नाहीतर फिटिंगची खोली सोडून तळघरात इस्त्रीच्या टेबलाशी जायचं. मी माणसाच्या अंगावर कपडा बसवते. मला तेवढंच येतं आणि ते या शहरात माझ्याइतकं कुणाला येत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे, म्हणून तर तुम्ही मला हाकलून न देता तळघर दाखवलंत. इस्त्रीखाली कपडा येतो तो माणसाशिवाय, मेलेला. तिथे मी फार तर एक हिवाळा टिकेन. तेव्हा ठरवायचं ते मी ठरवलं आहे, पण आधी तुम्ही माझं ऐकून घ्यायचं आहे, आणि या वेळी माझ्या तोंडात काहीही नाही.

सगळं उकललं ते ट्राममध्ये, कोव्रिग खाताना. ओबोरच्या बाजाराशी ट्राम वळते तिथे भट्टीच्या खिडकीतून पावाची ही खरपूस कडी गरम गरम विकतात, वर मीठ आणि तीळ लावून. मी नेहमीसारखा एक घेतला आणि उभ्याउभ्याच चावायला लागले. जुलैचा महिना, ट्रामच्या सगळ्या खिडक्या बंद, माणसांच्या घामाला कांद्याचा वास. कडक बाजू दाताखाली आली आणि डावीकडे खाली, मागून दुसरी दाढ, अशी कळ उठली की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. हात गालावर गेला, जीभ दाढेवर गेली. दाढ नव्हती. इस्टरच्या आधीच काढलेली, हिरडी भरून आलेली, जीभ त्या गुळगुळीत खळग्यात अशी फिरली जशी एखादी बाई सामान हललेल्या घरात फिरते, आणि दुखणं मात्र तिथेच बसलं होतं, भाडेकरू निघून गेला तरी आपण जागा सोडणार नाही असं म्हणत. माझ्यासमोर मांडीवर टोमॅटोची पिशवी घेऊन बसलेली बाई मला न्याहाळत होती. वारं लागलं का, तिने विचारलं, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता मागच्या माणसाला म्हणाली, अहो ती फट लावा, बघताय ना बाईची दाढ गेली. त्याने पुरता लाकडासारखा चेहरा करून उरलेली बोटभर फट लावली. सगळ्या डब्याने समाधानाने श्वास सोडला. मी घामाने निथळत, नसलेल्या दाढेवर हात ठेवून उभी राहिले, आणि मला पहिल्यांदा वाटलं की आपण सगळे मिळून चुकीच्या ठिकाणी बघतो आहोत.

कारण वारं हे आमच्याकडे सगळ्याचं कारण आहे. समोरासमोर दोन दारं उघडी राहिली की मान धरते, कान वाहतो, दाढ ठणकते, कंबर जाते. लग्न मोडलं तर तेही वाऱ्यानेच मोडलं असं सांगणारी माणसं मी पाहिली आहेत. माझी आई जुलै-ऑगस्टच्या उकाड्यातही डोक्याला फडकं बांधून झोपायची. मी याला हसत नाही. ज्याला कारण सापडत नाही त्याने वाऱ्याला धरायचं, वारा काही पोलिसात जात नाही. गेल्या हिवाळ्यात माझी दाढ ठणकायला लागली तेव्हा मीसुद्धा गालाला लोकर बांधली, गरम मिठाची पुरचुंडी धरली, दाढेखाली लवंग ठेवली. दंतवैद्याने फोटो काढला, उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला. बाई, मला यात काही दिसत नाही, तो म्हणाला, पण दुखतं तुम्हाला, तर कुठे दुखतं ते तुम्हीच बोट ठेवून दाखवा. मी बोट ठेवलं. जिथे बोट तिथे चिमटा. तो माणूस वाईट नव्हता, मला त्याच्याशी भांडायचं नाही. पण मी घरी येताना तोंडात कापूस धरून विचार करत होते की हे मी कपड्याला कधीच केलं नसतं. कोटाच्या पाठीवर कमरेशी झोळ आला तर नवशिकी बाई कमरेला कात्री लावते. झोळ जिथे दिसतो तिथे कधी नसतो. तो खांद्यावरून येतो, मुंढा अर्धं बोट पुढे लागलेला असतो, आणि विणीतला एक धागा ताणून धरला की चुणी वीतभर लांब उमटते. ऑरिका काकूंनी मला शिकवलेली पहिली गोष्ट ही: चुणीला हात लावू नकोस, तिला ओढणारा कोण आहे ते शोध. सगळ्या शहराच्या पाठींवरून मी हे शोधत आले आणि स्वतःच्या गालापाशी आंधळी झाले.

ऑरिका काकू आमच्यात सगळ्यांत जुन्या. तुम्ही त्यांना ओळखता, म्हणजे नावाने हाक मारता. तुम्ही यायच्या आधीपासून त्या या खोलीत आहेत, आणि टाचण्या तोंडात धरायची रीत त्यांच्याही आधीची आहे, पण तिचा नियम तुम्ही केलात. कशामुळे केलात ते मी विसरलेले नाही. त्या ऑपेरेटातली नाचणारी मुलगी, पांढऱ्या मोज्यातून वर येणारं रक्त, आणि ती नाच पुरा करून पडद्यामागे आल्यावर खाली बसली तो आवाज. मी तिचा पाय माझ्या मांडीवर घेतला होता. टाचणी टाचेत निम्मी रुतलेली होती. दुसऱ्या दिवशी तुम्ही मनगटावरच्या टाचण्यांच्या उशा गोळा करून नेल्यात आणि म्हणालात, तोंडात धरलेली टाचणी कधी हरवत नाही. वाक्य चांगलं होतं. आम्हाला पटलंसुद्धा. तेव्हापासून आम्ही सकाळी खोलीत शिरलो की डाव्या बाजूला दातांत टाचण्यांची रांग धरायची, उजव्या हाताने एकेक ओढून घ्यायची. उजव्या हाताला डावी बाजू सोयीची पडते. जोर काही लागत नाही. तेच तर. जोर लागला असता तर थकून सोडलं असतं. इतक्या हलक्या दाबाने धरायच्या की पडू नयेत आणि टोचू नयेत, आणि सोडायच्या मात्र कधीच नाहीत. गुडघ्यांवर बसून एखाद्या सम्राटाच्या झग्याचा घेर टाचताना सम्राट वरून बोलत असतो, त्याच्या बायकोबद्दल, जेवणाबद्दल, आमच्या म्हातारपणाबद्दल, आणि आम्ही खालून म्म म्हणतो. किती उत्तरं मी त्या टाचण्यांमागे चावून धरली असतील. चांगली उत्तरं होती. एखाददुसरं तर फारच चांगलं होतं, ते आठवलं की अजून दातावर दात बसतो.

पॉम्पिलिऊ हा आमचा खर्जातला गायक. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा, आणि तोंड बंद ठेवायचं त्याला कुणी शिकवलेलं नाही. ट्राममध्ये कळ उठली त्याच सकाळी मी त्याचा कोट टाचायला बसले आणि कळ परत आली. लुक्रेत्सिया, तो म्हणाला, माझ्या पोटात टाचणी घाल हवी तर, पण असा चेहरा करू नकोस, मला वाटतं मी मेलो आणि तू माझं शेवटचं माप घेतेयस. मग मी त्याला दाढेचं सांगितलं. नसलेली दाढ दुखते हे ऐकून तो हसला नाही. त्याला मागच्या वर्षी डोळ्यामागे असंच दुखत होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तीनदा चष्मा बदलला, आणि शेवटी पॉलिक्लिनिकच्या मागच्या अंगाला बसून आखडलेले स्नायू सोडवणाऱ्या इलिन्का नावाच्या बाईने त्याच्या मानेत अंगठा रुतवला आणि म्हणाली, हा बघा तुमचा डोळा. शिव्या हासडत तो आठवडाभर तिच्याकडे गेला आणि चष्मा काढून ठेवला. तू जा, तो म्हणाला, पण सांभाळून, तिचे अंगठे लोहाराचे आहेत.

इलिन्का माझ्याहून लहान निघाली, आखूड केसांची, बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याऐवजी खांद्यांकडे बघणारी. मला ते ओळखीचं वाटलं, मीही माणसांकडे तशीच बघते. तिने तोंड उघडायला सांगितलं. तुमचीच तीन बोटं उभी आत मावायला हवीत, ती म्हणाली. माझी दीडच मावली. मला वाटत होतं सगळ्यांचं तोंड एवढंच उघडतं. मग तिने हातमोजा घातला, अंगठा गालाच्या आतून आणि बोट बाहेरून, असं कापडाचा पोत बघावा तसं माझ्या गालाचं मांस चिमटीत धरलं आणि हळूहळू सरकवत गेली. मला कळत होतं ती काय शोधते आहे. मखमलीच्या उलट्या बाजूवर अडकलेला धागा असाच शोधतात. जबड्याच्या कोनाजवळ तिची चिमटी थांबली. मांसात एक ताठ दोरी होती, मलाही बोटाखाली लागली नंतर, सुतळीएवढी, आणि त्या दोरीवर एके ठिकाणी वाटाण्यासारखी गाठ. तिने ती दाबली, आणि माझी दाढ, जी दंतवैद्याच्या कचऱ्यात केव्हाच गेली होती ती, मुळापासून ठणकली.

"कुठे दुखलं?" तिने विचारलं.

"दाढेत."

"कुठल्या?"

"जी नाही तिच्यात."

"मग ती दाढ निर्दोष होती, बाई," इलिन्का म्हणाली, "उगाच फासावर चढली बिचारी."

मी हसले आणि हसता हसता रडले, आणि अंगठा तोंडात असताना दोन्ही धड होत नाही. ती दाबून थांबली, सोडेना. आधी कळ वाढली, मग काठावर येऊन थांबली, आणि मग बोटाखाली काहीतरी ओलं झाल्यासारखं सैल पडलं. तेवढ्या वेळात ती बोलत होती आणि मी, तोंड भरलेलं असायची सवय असल्यामुळे, चांगली ऐकत होते. स्नायू मोठ्या ओझ्याने असा होत नाही, ती म्हणाली, मोठं ओझं माणूस खाली ठेवतो. तो होतो बारीकशा, न संपणाऱ्या कामाने. स्नायूत लहान तंतू असतात, सगळ्यांत आधी कामाला लागतात आणि सगळ्यांत शेवटी सुटतात, आणि हलकं काम दिवसभर चाललं की त्यांच्यावरच पडतं. मोठ्यांना कुणी उठवतच नाही. ते आखडून राहतात, आखडले की आपल्याच शेजारच्या रक्ताच्या वाटा दाबतात, मग त्यांना खायला मिळत नाही. आणि एक गोष्ट लोकांना माहीत नसते, ती म्हणाली: स्नायूला आवळायला जशी ताकद लागते तशी सोडायलाही लागते. उपाशी तंतू सोडू शकत नाही. तो धरून बसतो तो जिद्दीने नाही, सोडायला अंगात काही उरलेलं नसतं म्हणून. मेलेलं माणूस ताठ होतं ते यामुळेच. मग एकाची कळ दुसऱ्याच्या नावावर का जाते, मी विचारलं, अंगठा निघाल्यावर. तिने खांदे उडवले. गालाच्या आणि दाढेच्या बातम्या एकाच दारातून आत जातात, आतला कारकून पत्ता चुकवतो, असं काहीसं. त्यावर अजून वाद आहेत, गाठ म्हणजे नक्की काय यावरही आहेत, तिच्याच वरचे एक डॉक्टर अशी गाठच नसते म्हणतात. मला तिचं हे बोलणं आवडलं. ज्याला काही माहीत आहे तोच काय माहीत नाही ते सांगू शकतो. मग तिने विचारलं, दिवसभर दातांत काय धरता. मी सांगितलं. मी रोज दाबून सोडवीन, ती म्हणाली, तुम्ही रोज जाऊन बांधाल, असा खेळ मला नको. टाचण्या बंद.

तिथून मी चालत निघाले. ट्राम नको वाटली. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वर टाळूला, असं तिने सांगितलं होतं तसं ठेवून चालले, आणि जबडा आपला आपण खाली लोंबतो आहे हे इतकं नवं होतं की मला लाज वाटत होती, कुणी बघेल, जशी रस्त्यात चोळी सुटलेल्या बाईला वाटावी. सोडायलाही ताकद लागते. माझ्या मनात ते वाक्य फिरत राहिलं आणि त्याच्या मागोमाग ऑरिका काकू आल्या. त्यांनी एकदाच, जेवणाच्या सुट्टीत आंबट चोर्बा सुपाच्या वाटीवर वाकून, सांगितलं होतं की जुन्या राजवटीत गुप्त पोलिसांची ती कोटवाली माणसं फिटिंगच्या खोलीत येऊन विचारायची, कोणता गायक काय बोलला, कुणाची बायको पश्चिमेला पत्रं लिहिते. बाकीच्यांना काहीतरी बोलावंच लागायचं. काकू टाचण्या तोंडात धरून गुडघ्यांवर बसायच्या आणि म्म म्हणायच्या. टाचण्यांनी मला वाचवलं गं, त्या म्हणाल्या होत्या. खरं आहे. त्या धरून बसल्या म्हणून दोघंतिघं तुरुंगाबाहेर राहिली. पण ती माणसं गेली, त्यांचे कोट गेले, आणि काकूंचा जबडा अजून धरूनच बसला आहे, त्याला कुणी येऊन सांगितलंच नाही. त्यांचा डावा गाल उजव्याहून जाड आहे. आम्ही सगळ्या समजत होतो की त्या तशाच जन्मल्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना तोंड उघडायला सांगितलं. त्या म्हणाल्या, घोडी आहे का मी. मग उघडलं. डावीकडे खाली एकही दाढ नव्हती. मी बाकीच्यांना विचारलं, एकेकीला, खिदळत, ओठ बोटाने ओढून दाखवत, जशा शाळकरी मुली दाखवतात. आणि मग खिदळणं थांबलं. आमच्या खोलीत डाव्या बाजूला धड दाढा असलेली बाई नाही. उजवीकडे सगळ्यांच्या आहेत. एकेकीला वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या दंतवैद्यांकडे, वेगवेगळं कारण मिळालं होतं: वारं, गोड खाणं, नशीब, बाळंतपण. काही दाढा खरंच किडल्या असतील, मी शपथ घेत नाही. पण किडीला डावं-उजवं कळतं का हो? त्या दिवशी मी मखमलीच्या तुकड्यात भुसा भरून उशी शिवली, इलॅस्टिकने मनगटाला बांधली, आणि घेर टाचून झाला की त्यावरून फिरवायला लोहचुंबक आणला. तुमच्या त्या नाचणाऱ्या मुलीसाठी. तिचा पाय माझ्या मांडीवर होता, तुमच्या नव्हता. आणि तोंडातली टाचणी हरवत नाही म्हणता, तर आमच्यातल्या एकीने गेल्या हिवाळ्यात शिंकताना एक गिळली तेव्हा तुम्ही तिला मक्याच्या पिठाची मामालिगा भरपूर खा म्हणून घरी पाठवलंत आणि कुठे बोलू नको म्हणालात. ती टाचणी हरवली नाही, हेही खरंच. कुठे होती ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

मग शुक्रवार. पॉम्पिलिऊ कोटात उभा, मी त्याच्या पायाशी, काकू बाहीपाशी, तोंडात रांग धरून. तुम्ही दारात आलात, माझं मनगट पाहिलंत, आणि सोमवारचं ते बोललात. मी उठून उभी राहिले आणि जे वर लिहिलं आहे ते थोडक्यात सांगितलं, जबड्याचं, गाठीचं, सगळ्यांच्या दाढांचं. आवाज चढवला नाही. चढवावा लागत नाही, तोंड रिकामं असलं की. तुम्ही ऐकलंत, आणि मग प्रेमळ आवाजात म्हणालात, "लुक्रेत्सिया, वारं लागलंय तुला. या वयात बायकांना लागतं. टाचण्यांना कशाला नावं ठेवतेस?" तेवढ्यात ऑरिका काकूंनी तळहात तोंडाखाली धरला आणि टाचण्या त्यात सोडल्या. त्यांना वेळ लागला. ओठ उघडले तरी दात उघडेनात, दोन बोटांनी गाल चोळून त्यांनी जबडा सोडवला, आणि ओल्या टाचण्या मुठीत घेऊन म्हणाल्या, "वारं कसं लागेल हो? थिएटर रंगवलं तेव्हापासून या खिडक्या रंगाने चिकटल्यात. आपण त्या कधी उघडल्याच नाहीत."

तुम्ही खिडक्यांकडे पाहिलंत. आणि निघून गेलात.

सोमवारी मी तळघरात जाणार नाही. मनगटाला उशी बांधून फिटिंगच्या खोलीत येणार आहे, आणि काकू स्वतःच्या उशीसाठी मखमल मागून घेऊन गेल्या आहेत. मला काढायचं असेल तर सगळ्यांसमोर काढा, पण त्याआधी आम्हाला उत्तर हवं आहे, आणि ते तोंडाने हवं आहे, म्म चालणार नाही: इतकी वर्षं बंद असलेल्या खोलीत, फक्त आमच्या डाव्या बाजूला लागेल असं वारं, कुठून येत होतं?